कूलरच्या बोर्डावर हीटर

मित्रांनो, नागपुरात हीटर म्हणून दिवस काढणं काय असतं, ते मला विचारा. दहा महिने माळ्यावर जुन्या चादरीत पडून राहायचं आणि थंडी पडली की सगळ्यांना एकदम मी हवा! मी तेलाचा हीटर. अकरा पाती, खाली चार चाकं. पोटातलं तेल कारखान्यातच भरून कायमचं बंद केलेलं. ते जळत नाही, संपत नाही, नुसतं तापतं. तरी वामनरावांच्या घरी आलो त्याच दिवशी त्यांच्या बायकोनं, सिंधूताईंनी विचारलं, "अहो, याच्यात तेल कोणतं टाकाचं? जवसाचं चालते का?"

आता काय बोलावं!

सुरुवातीला कौतुकही फार झालं. "धूर नाही, जाळ नाही," असं वामनराव येईल त्याला सांगायचे आणि मी खूश व्हायचो. मग माझ्यावर ओले मोजे पडू लागले, पुढे टॉवेल, पुढे अख्खी चादर. अरे, मी हीटर आहे की कपडे वाळवायची दोरी? झाकलं की मी जास्त तापतो आणि आपोआप बंद पडतो. तेवढी अक्कल मला दिलेली आहे. पण "बिघडला वाटते," म्हणून थापा मलाच बसायच्या.

या हिवाळ्यात त्यांची लेक कामिनी बाळंतपणाला आली. बाळ बारा दिवसांचं झालं तेव्हा गारठा वाढला आणि मला बाळंतिणीच्या खोलीत नेलं. माझी पिन जाड, तिला भिंतीतला मोठा प्लग लागतो. तो त्या खोलीत नव्हता. वामनरावांनी काय करावं? माळ्यावरून कूलरचा वायरवाला बोर्ड काढला, मध्ये जाड पिन बारीक भोकात बसवणारा कन्व्हर्टर खोचला आणि मला त्याच्यावर लावलं.

"बाबा, हे काहून लावून राहिले? वायर पतली आहे," कामिनी म्हणाली.

"काही होत नाही वं! सारा उन्हाळा कूलर चालते ना याच्यावर!"

अहो, मी एकटा दहा-बारा कूलरांएवढी वीज ओढतो! पण ऐकतो कोण? वर कोणी अडखळून पडू नये म्हणून ती वायर सतरंजीखालून नेली. त्याच सतरंजीवर बाळाची गोधडी.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाची आंघोळ झाली. सिंधूताईंनी निखाऱ्यावर ओवा टाकून त्याला धुरी दिली आणि गोधडीवर निजवलं. खोलीभर ओव्याचा वास. त्यातच वायर वितळू लागली.

"आई, कशाचा तरी वास येऊन राहिला."

"ओवा जळून राहिला वं. पड तू."

मला तोंड असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं! कामिनी गप्प पडली. थोड्या वेळानं बाळाला पाजायला ती वाकली, सतरंजीवर हात टेकताच चटका बसला आणि ती किंचाळली, "बाबा! मेन बंद करा!"

तिनं बाळ उचललं. वामनरावांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. सतरंजी उलटली तर वायर काळीठिक्कर, सतरंजीला तळहाताएवढं भोक. बाळाचं डोकं होतं तिथून एक वीत.

आणि वामनराव म्हणतात काय? "हा हीटरच बेकार आहे. भंगारात देऊन टाकतो!"

"हीटरले काहून बोलता, बाबा?" कामिनीला रडू आवरेना. "म्या सांगतलं होतं तुम्हाले. अन् मग मीच चूप बसली."

वामनराव खाली बसले. बाळाला घ्यायला त्यांनी हात पुढे केले, पण ते तसेच मागे घेतले.

मित्रांनो, मला थेट भिंतीतल्या मोठ्या प्लगवर लावा. माझ्यावर काही वाळवू नका, अंथरूण तीन हात लांब ठेवा आणि खोलीतून जाताना मला बंद करा. आणि घरातलं कोणी वास येतो म्हणालं, तर "काही होत नाही" म्हणायच्या आधी उठा आणि स्विच बंद करा.