सरसाची शिशी

देवरावाला अक्षरं आली ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. गिरणी सुटली की तो इंदोरा वस्तीतल्या बुद्धविहारात भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात जाऊन बसायचा. वर्षभरात पाट्या वाचता येऊ लागल्या आणि तेव्हापासून त्याने कोणाला काही विचारणंच सोडून दिलं. बसवरचं गाव असो की दुकानावरचं नाव, तो स्वतः वाचायचा, आणि शक्यतो चार लोकांना ऐकू जाईल असं.

त्याची लेक लतिका कॉलेजात तिरंदाजी शिकत होती. जिल्ह्याच्या संघाची निवड पुढे लागोपाठ दोन रविवारी व्हायची होती. शिकवणारे वामनराव मास्तर म्हणाले, धनुष्य आमचं, बाण ज्याचे त्याने आणावे. विकतचे बाण देवरावाच्या आवाक्यातले नव्हते. पण शेजारची रंभाबाई रामटेककडच्या जंगलातली होती. तिचा बाप बाण करायचा आणि पिसं बांधायचं काम लहानपणी हिच्याकडे असायचं. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी बोटांचं कसब गेलं नव्हतं.

"घरीच करू," रंभाबाई म्हणाली. "पण सामान मी सांगतो तसंच आण. बांबूच्या काड्या बुरडाकडून, पोचट नको. फरशीवर लोळवून पाहजो, उड्या मारते ते तिथंच ठेवून दे. पिसं बदकाचे, पंखाचे. एका बाणाले तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाचे पाहिजे गा, नाही तं बाण बिथरते. रेशमी दोरा. आन् सरस."

देवरावाने मान हलवली. सरस म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. पण विचारायची सवय मोडली होती.

रविवारी तो इतवारीच्या बाजारात गेला. दोरा घेतला, आणि हातगाड्यांतून वाट काढताना एका दुकानाच्या फळीवर त्याला शिशी दिसली. तिच्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: सरस. खाली बारीक अक्षरं होती, ती त्याने वाचली नाहीत.

"क्या चाहिये, भाऊ?" दुकानदाराने विचारलं.

"काही सांगू नका. मी वाचलं. तो सरस द्या," देवराव म्हणाला.

रंभाबाईने बाण करायला घेतले. पीस गालावरून फिरवून ती डाव्या पंखाचं की उजव्याचं ते सांगायची, आणि लतिका दोन ढीग लावायची. शिशी उघडल्यावर मात्र म्हातारी थांबली.

"याले वास काहून नाही गा? सरस तं घाण मारते. शिजवा लागते."

"ते जंगलातलं झालं, मावशी. शहरात तयार येते. त्याच्यावर लिवलंच हाय."

लिहिलेलं म्हटल्यावर रंभाबाई पुढे बोलली नाही. आठ बाण झाले, आणि दिसायला देखणे झाले.

निवडीच्या पहिल्या रविवारी सकाळी मैदानावर दव होतं. लतिकाची पहिली फेरी चांगली गेली. गवतातून उचललेले ओले बाण तिने पुन्हा लावले, तेव्हा दोऱ्यात अडकलेली पिसं मधेच सुटून फडफडायला लागली. एक बाण तर शेजारच्या मुलीच्या निशाण्यावर जाऊन लागला. मुली हसल्या. वामनराव मास्तरांनी बाण हातात घेतला आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी नीट बाण आण बेटा, नाही तर मी काही करू शकणार नाही."

संध्याकाळी नळावर बायांनी देवरावाला विचारलं, पोरीचं काय झालं. रंभाबाई बादली घेऊन तिथेच उभी होती.

"काय होते," देवराव म्हणाला, "म्हातारीनं दोरा सैल गुंडाळला. दिसत नाही तं 'हो' कायले म्हणा?"

रंभाबाईने बादली उचलली. अर्धीच भरली होती.

बुधवारी गिरणीतून येताना एका सुताराच्या दुकानासमोर देवरावाच्या नाकात घाण वास शिरला. शेगडीवर तपकिरी काही रटरटत होतं.

"काय शिजवून राहिला गा?"

"सरस. लाकूड जोडाले. चामड्या-हाडाचा असते."

"सरस तं शिशीत येते ना?"

सुतार हसला. "शिशीत डिंक येते, पोराइच्या वह्याचा."

घरी येऊन देवरावाने शिशी उजेडात धरली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवत वाचलं. सरस डिंक, कागदासाठी. सरस म्हणजे चांगला. चांगला डिंक, एवढंच बनवणाऱ्याला म्हणायचं होतं. म्हणजे दवात सुटला तो डिंक, दोरा नव्हे.

तरी त्याने आधी पळवाट काढून पाहिली. सुताराकडून सरसाचे खडे आणले आणि रंभाबाईच्या दारात गेला. "मावशी, या बारीनं दुसरा सरस आणला. पुन्हा बांधून देता काय?"

"नाही गा," ती म्हणाली. "माह्या बोटात जीव नाही राहिला. पोरीचं नुकसान झालं माह्यापायी. तू दुसरं कोणी पाह."

ती हे रागाने म्हणाली असती तर देवरावाला सोपं गेलं असतं. तिला ते खरंच वाटत होतं. तीन दिवस ती हात उलटेपालटे करून बघत बसली असणार. देवराव आल्या पावली घरी गेला. शिशी घेऊन परत आला. मागोमाग लतिकाही आली.

"दोरा पक्काच होता, मावशी. हा सरस नोहोय. मले वाचता नाही आलं."

"मंग आता वाच," रंभाबाई म्हणाली. "सगळं. मले दिसत नाही."

लेकीसमोर त्याने अडखळत, जोडाक्षराला थांबत, खालच्या ओळीपर्यंत वाचलं. लतिका जमिनीकडे बघत होती.

रंभाबाईने शिशी त्याच्या हातून घेऊन बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी बांधून देतो. पोरीसाठी. पण तू मले नळावर बोलला, इथं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराव नळावर गेला. बाया घागरी घासत होत्या, पाणी जोरात पडत होतं. त्याने सांगितलं: चूक रंभामावशीची नाही, माही हाय, मी डिंकाले सरस समजलो.

"काय म्हणता भाऊजी?" एक जण ओरडून म्हणाली. "पाण्यात आयकू नाही येऊन राहिलं."

देवरावाने नळ बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.