आर्लीनचे कान

वर्लिन स्टकीने साडेतीन मीटर लांबीचं रॉकेट थेट बैठकीच्या खोलीत बांधलं, कारण तिथून त्याला हाकलणारं आता कोणी उरलं नव्हतं. सोफा गॅरेजमध्ये गेला आणि गॅरेजमधला सगळा पसारा सोफ्याच्या जागी आला. बायको असती तर दोन दिवस अबोला धरला असता, आणि तिसऱ्या दिवशी आपणच पॉलिशपेपर घेऊन पंख घासायला बसली असती. आर्लीनला जाऊन चौदा महिने झाले होते. एवढ्या दिवसांत त्या घरात बोललं कोण, तर रेडिओ.

हौशी रॉकेटवाल्यांच्या क्लबचे पहिल्या दोन पातळ्यांचे दाखले दोघांनी मिळून कमावले होते. तिसरा, शेवटचा, राहिला होता. रॉकेट वर गेलं, पॅराशूट उघडलं आणि ते धडधाकट खाली आलं, तरच दाखला. वर्लिन बाहत्तरचा. पुन्हा एवढं बांधायची उमेद आपल्यात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पॅराशूट उघडणारी दोन यंत्रं रॉकेटच्या पोटात असतात. रॉकेट उभं केलं, की त्याच्या अंगावरच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून ती सुरू करायची. स्क्रू पुरता पिळला की यंत्र बारीक आवाजात तीनदा टिटिट करतं. आता खरं सांगायचं, तर हा आवाज वर्लिनने जन्मात ऐकला नव्हता. चाळीस वर्षं कापणीच्या यंत्रावर बसलेल्या माणसाच्या कानात बारीक आवाज शिरतोय कुठला! कान लावायची आर्लीन. "अजून पिळ. अजून. हं, बोललं." त्यामुळे किती पिळायचं हे त्याने कधी मोजलंच नाही.

शनिवारी कापलेल्या गव्हाच्या रानात रॉकेट उभं राहिलं. क्लबचा तपासनीस गॅलेन फायफर यादी घेऊन शेजारीच होता.

"दोन्ही बोलली?"

वर्लिनने कान टेकवला. कॅन्ससचा वारा तेवढा कानावर येत होता. "बोलली."

"मी ऐकू का एकदा?"

"एवढा म्हातारा नाही झालो अजून."

गॅलेन हसला आणि त्याने उडवायची खूण केली. वर्लिनचा हा कसला मेला ताठा!

रॉकेट वर गेलं ते मात्र देखणं गेलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग टोक खाली वळलं, आणि पॅराशूट काही उघडेना. "सगळे उभे राहा, बोट दाखवा," कर्ण्यावरून आवाज आला. कोणाच्या डोक्यात पडू नये म्हणून तिथली ही रीतच आहे. पन्नास-साठ माणसं वर्लिनच्या रॉकेटकडे बोट दाखवत उभी राहिली. ते अर्ध्या मैलावर जमिनीत घुसलं.

गॅलेन फावडं घेऊन आला. दोघांनी खणलं. यंत्रं हाताला लागली तेव्हा गॅलेनने ती पुसून पाहिली.

"दोन्ही स्क्रू अर्धवटच आहेत, वर्लिन."

"मला तो आवाज येत नाही. ती ऐकायची."

"अरे, मी शेजारीच उभा होतो की. सांगायचं नाही का?"

वर्लिन मातीत बसला.

"तुला ऐकायला सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर ती खरंच गेली असं झालं असतं."