लीलाकाकू चालतात, नाना बसतात

डॉक्टर मुजुमदारांच्या तपासणीत नाना नापास झाले आणि लीलाकाकू पहिल्या आल्या. पण असं काही झालंच नाही. निदान आमच्या घरात तसं ठरलंय, तेव्हा मी सुरुवातीपासून सांगतो.

नाना, म्हणजे माझे काका, मध्यभारत राज्याच्या सचिवालयात. दर उन्हाळ्याप्रमाणे राजधानी ग्वाल्हेरहून इंदूरला आली तसे तेही फायलींबरोबर घरी आले, आणि जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, "धमन्या सांभाळा. पहाटे चाला. लसूण, जवस खा. तूप-मीठ कमी, तंबाखू आणि सेव बंद."

"डॉक्टरसाब," नाना म्हणाले, "आपण इंदुरातच आहोत ना? इथे सेव बंद?"

घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "तुमच्यानं काही व्हायचं नाही. वडाला फेऱ्या मी मारते, आयुष्य तुमचं वाढतं. मग चालेनही मीच."

यात घरातल्या कुणालाच चूक दिसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकू 'यांच्या धमन्यांसाठी' म्हणून तुळशीपुढे पाणी सोडायच्या, कच्चा लसूण चावायच्या आणि पलासियापर्यंत चालून यायच्या. पुढे गावाबाहेरचं राऊ गाठलं. एकदा तर थेट महू. तिथल्या लष्करी छावणीच्या पहारेकऱ्यानं सलाम ठोकला, काकूंनी "खुश रहो" म्हटलं आणि परत फिरल्या.

नानांचं पथ्यही कडक होतं. काकू चालत असेपर्यंत ते आरामखुर्चीतून हलत नसत, येणारा फायदा सांडू नये म्हणून. पोहे-जिलबी तिथेच लागायची, ती मी नेऊन द्यायचो.

"अच्युत भिया, सेव जरा मोकळ्या हातानं घाल. काकू आज महूला गेलीय."

मग ती तपासणी, जी झाली नाही. डॉक्टरांनी दोघांच्या छातीला नळी लावली. "काकू, तुमचं हृदय विशीतल्या मुलीचं आहे. नाना, तुमचं काही खरं नाही."

"मग मी केलं ते गेलं कुठं?"

"तुमच्यातच राहिलं."

काकूंनी पदर सारखा केला. "आणि लग्नापासूनचे उपास? तेही माझ्यातच राहिले?"

डॉक्टरांनी नळीची घडी घातली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं.

"एवढ्या आयुष्याचं मी एकटीनं काय करायचं?" काकू नानांकडे बघून म्हणाल्या.

"उद्यापासून तुम्ही चाला, नाना," डॉक्टर म्हणाले. "अजून वेळ आहे."

डोळे पुसून नाना उठले, घरापर्यंत टांगा केला आणि रात्री अर्ज लिहायला बसले:

"मा. सचिव, आरोग्य विभाग, मध्यभारत शासन. सविनय विनंती की, अर्जदाराची पत्नी सौ. लीला यांच्याकडे साठलेल्या निरोगी धमन्यांपैकी निम्म्या, राजधानी ग्वाल्हेरला हलण्यापूर्वी, अर्जदाराच्या नावे वर्ग करण्याचे आदेश व्हावेत, जेणेकरून उभयतांस एकाच सुमारास निवृत्त होता येईल. तोवर अर्जदारास चालावयास लावू नये."