पीचच्या पाईत काय काय होतं

मिस स्टॅम्पर,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, पाईत काय काय घातलं आणि कसं केलं ते सगळं लिहून काढा, काही गाळू नका. खाली सही करा, घरातल्या दुसऱ्या एका मोठ्या माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्या, आणि शॉना सोमवारी आठ वाजता तपासणीला येईल तेव्हा कागद तिच्याबरोबर पाठवा. म्हणून लिहिते आहे. आज रविवार, दुपारचे दोन वाजलेत. चर्चला गेले नाही.

मी अर्डिथ नेपियर, वय एकोणसत्तर. शॉना माझी मुलगी. ब्रायली शॉनाची, सात वर्षांची, गेली तीन वर्षं माझ्याजवळ आहे. शॉनाने गोळ्या आणि दारू सोडून चौदा महिने झाले. काल ती ब्रायलीला कायमची न्यायला आली होती. सोमवारच्या तपासणीत तिच्या लघवीत दारूचा अंश सापडला तर पोरगी तिला मिळणार नाही. हे सगळं तुमच्या बालकल्याण ऑफिसातल्या फाइलीत आहेच, तरी लिहिलं, कारण तुम्ही म्हणालात गाळू नका.

साहित्य

मैदा, चार कप. डुकराची चरबी, एक कप, घट्ट गार. मीठ. ताक, पीठ गोळा होईल इतकं.

पीच, अंगणातल्या झाडाचे, मोठ्या पातेल्यात अर्ध्यापर्यंत. यंदा मार्चात उशिरा हिव पडलं, त्यामुळे फळ बारीक आहे आणि पाणचट. साखर, दालचिनी, लोण्याचा एक तुकडा.

तळायला पुन्हा चरबी.

व्हॅनिला नाही. हे मुद्दाम लिहिते. तुमच्या ऑफिसने शॉनाला काय काय चालणार नाही त्याचा कागद दिला होता, तो तिने मला पोस्टाने पाठवला. मी चष्मा लावून दोनदा वाचला. खोकल्याचं औषध नको, चूळ भरायचं औषध नको, व्हॅनिलाचा अर्क नको, कारण त्यातही दारू असते. मी न्हाणीघरातली चूळ भरायची बाटली ओतून दिली. व्हॅनिलाची बाटली नवी होती, तीही दिली ओतून. चाळीस वर्षं पाईत व्हॅनिला घालते आहे, या वेळी घातलं नाही.

साहित्य, पुन्हा

वरच्या यादीत एक गोष्ट राहिली. आत्ता वाचून बघितलं तेव्हा कळलं. मुद्दाम नाही राहिली. तुमच्या कामासाठी, शपथेवर, एवढं जपून लिहायला बसले तरी राहिली, यावरून तुम्हाला काय समजायचं ते समजा.

बरणीतले पीच, दोन पळ्या. बरणीतला रस, अर्धा कप.

आमच्या घरात त्याला दारू म्हणत नाहीत. माझा नवरा व्हर्लिन, ब्रायलीचा पॅपॉ, दर ऑगस्टमध्ये पीच सोलून बरणीत भरायचा आणि वरून ते ओतायचा. ते कुठून यायचं ते लिहीत नाही, ते गाळणारा माणूस आता जिवंत नाही. मी जन्मात ग्लासातून थेंब घेतला नाही. सोळाव्या वर्षी चर्चमध्ये उभं राहून वचन दिलंय, ते पाळलंय. व्हर्लिनही पीत नसे. बरणी फळीवर असायची, मीठ-मिऱ्याशेजारी. पोरांना खोकला झाला की चमचाभर, मधातून. आणि पाईत. माझ्या सासूने शिकवलं तसं. या खोऱ्यात पाई अशीच करतात. पाळकांची बायकोसुद्धा अशीच करते, आणि चर्चच्या जेवणात तिच्या पाई पहिल्या संपतात.

बरणीवर चिठ्ठी नाही. तुमच्या कागदावर बरणी नव्हती.

कृती

पीच सोलायचे, फोडी करायच्या, साखर घालून मंद आचेवर ठेवायचे. पाणी सुटतं, मग आटतं. पळीला चिकटायला लागलं की लोणी, दालचिनी आणि बरणीतल्या फोडी बारीक चिरून. मग गॅस बंद करायचा.

रस गॅस बंद केल्यावरच घालायचा. आधी घातला तर उडून जातो आणि चव राहत नाही.

मिस स्टॅम्पर, हे वाक्य लिहून मी उठले आणि भांडी घासून आले. काल मी शॉनाला म्हणत होते की शिजलंय ते, उडून गेलं असेल. पण सगळं कसब तर ते उडू न देण्यातच आहे.

झाकण घालून सारण गार करायचं. हो, झाकण घालून.

पिठाच्या पाऱ्या लाटायच्या, बशी ठेवून सुरीने गोल कापायच्या. हे काम ब्रायलीने केलं. ती म्हणाली, "मॅमॉ, लेक्सिंग्टनला बशी असेल ना?"

"असेल गं. तुझ्या आईच्या घरी बश्या नसतील का?"

"तिच्याकडे कागदाच्या प्लेटा आहेत. मी बघितल्यात."

"मग कागदाची ठेवून काप."

"ती सरकते."

एका अर्ध्यावर सारण ठेवायचं, कडेला बोटाने पाणी लावायचं, दुमडायचं, कड काट्याने दाबायची. एकूण सोळा झाल्या. पाईच का, असं तुम्ही विचारलंत. गाडीत खाता येतात म्हणून. एका हातात धरून. लेक्सिंग्टन दोन तासांवर आहे आणि मला वाटलं, पोरीच्या हातात वाटेत काहीतरी असावं.

कृती, शॉना आल्यानंतर

ती बाराला येणार होती, दहाला आली. मी पहिला घाणा सोडला होता.

"मम्मी, अजून तळतेच आहेस? मला वाटलं तू डबा बांधून दारात उभी असशील."

"गरमगरम भरल्या की डब्यात लगदा होतो. बस."

"ही वाकडी माझी आहे," ब्रायली म्हणाली.

"वाकडी म्हणजे आपल्या घराण्यातलीच," शॉना म्हणाली. "तू माझी, मी हिची. सरळ कुठून येणार?"

"माझ्यावर नको ढकलूस," मी म्हणाले. "ते नेपियरांकडून आलंय, तुझ्या बापाकडून."

असं हसतखेळत चाललं होतं. हेही लिहिते, म्हणजे त्या वेळी घरात भांडण नव्हतं हे तुम्हाला कळेल.

तिने पहिली पाई उभ्यानेच खाल्ली, फुंकर घालत, बोटं चाटत. दुसरी बसून. म्हणाली, वर्षभर मी लाँड्रीत नाणी टाकून मशिनमधून काढलेली बिस्किटं खाल्ली आहेत, ही आता मोजू नकोस. मी मोजत नव्हते. तिसरी अर्धी झाली होती तेव्हा ब्रायलीने आपल्या पाईचा घास घेतला आणि म्हणाली, "पॅपॉच्या खोकल्याच्या औषधाचा वास येतोय."

शॉनाचं चावणं थांबलं. ती थुंकली नाही. तोंडातला घास गालात तसाच धरून तिने हातातला तुकडा बशीत ठेवला, अगदी हळू, जणू तो फुटेल.

"मम्मी, सारणात काय घातलंस?"

"काय म्हणजे? नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

मला तेव्हा कळलं. त्याआधी नाही.

"मी व्हॅनिला घातलं नाही," मी म्हणाले.

ती हसली. मी तिला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. "आख्ख्या काउंटीत एक बाई आहे जिने दारूला हात लावला नाही. ती माझ्या नशिबी आली."

"ती दारू नाहीये."

"मग काय आहे?"

"पाईतलं आहे ते, शॉना."

ब्रायली एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी तिच्या हातातली पाई काढून घेतली. ती म्हणाली, मी काही केलं नाही.

शॉना शेडच्या मागे गेली. तिने घशात बोटं घातली ते मला ऐकू येत होतं. फारसं पडलं नसावं. परत आली तेव्हा डोळे लाल होते, आणि मिस स्टॅम्पर, चौदा महिन्यांत प्रथमच ती मला नशेत असल्यासारखी दिसली, नशेत नसताना.

तिने फोन बाहेर काढला. मी म्हणाले, करू नकोस. थेंबभर तर आहे. सोमवारपर्यंत निघून जाईल. कोणाला कळायचंय?

"त्या तपासणीत तीन दिवसांपूर्वीचंही कळतं. मी सांगितलं नाही आणि सापडलं, तर मी लपवलं असं होईल. सांगितलं आणि सापडलं तर..."

"तर काय?"

"तर काही नाही. सापडलं असं होईल."

मग तिने तुम्हाला फोन केला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पोरगी निकाल येईपर्यंत आहे तिथेच राहील, असं तुम्ही म्हणालात. शॉना तिच्याजवळ इथे राहू शकते, हेही तुमच्याच परवानगीने.

तिने विचारलं, जास्त पाणी पिऊ का? तुम्ही म्हणालात, पातळ नमुनाही नापासच धरतात. तेव्हापासून ती मोजून पाणी पितेय. काल दिवसभर ती ओसरीवर पायऱ्या चढत-उतरत होती, घामाने काही जाईल म्हणून. जातं का? मला माहीत नाही. पिठाच्या कुंच्याने झटकून टाकता येईल असं काहीतरी तिच्या अंगावर असावं, तसं मी तिच्याकडे बघत होते. कढईत चरबी तापलेली होती, सात पाई कच्च्या होत्या. मी त्या तळल्या. का तळल्या ते सांगता येणार नाही. कच्च्या ठेवून काय करणार होते?

कृतीत नसलेलं

तुमचा शेवटचा प्रश्न होता, हे जाणूनबुजून केलंत का?

नाही.

एवढं लिहून थांबायला हवं. पण तुम्ही म्हणालात गाळू नका, म्हणून.

शनिवारी शॉना गाडीतून उतरली तेव्हा मी खिडकीतून तिच्याकडे बघितलं. आई बघते तसं नाही. तिची चाल बघितली, सरळ आहे का. आत आल्यावर मिठी मारताना तिच्या तोंडाचा वास घेतला. बाहीचं बटण लावायच्या निमित्ताने कोपराच्या आत सुईची खूण आहे का ते बघितलं. डोळ्यांतली बाहुली बघितली. काही सापडलं नाही. आणि काही सापडलं नाही तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, काहीतरी सापडायला हवं होतं. एवढंसं. ब्रायली इथेच राहील इतकंच. मग मी पुढची पाई चरबीत सोडली.

पण बरणी मी आदल्या दिवशीच उघडली होती, शुक्रवारी, सारण करताना. तेव्हा माझ्या मनात असं काही नव्हतं. माझा हात त्या फळीकडे जातो तसा गेला. चाळीस वर्षं जातो. व्हॅनिला आठवलं आणि बरणी आठवली नाही, हे कसं, ते मी स्वतःला कालपासून विचारतेय. प्रत्येक वेळी उत्तर येतं की मी विसरले. आणि प्रत्येक वेळी त्या उत्तरावर माझा थोडा कमी विश्वास बसतो.

यापेक्षा जास्त मला माहीत नाही. असतं तर लिहिलं असतं.

अर्डिथ नेपियर

साक्षीदार

घरात दुसरं मोठं माणूस शॉनाच आहे. शेजारी कोणाला बोलवावं असा विचार केला, पण मग सगळ्या खोऱ्याला कळलं असतं. म्हणून कागद तिच्यापुढे ठेवला. तिने स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून सगळा वाचला. मी ओट्यापाशी उभी होते.

शेवटच्या पानावर आल्यावर तिने एका ओळीवर बोट ठेवलं. कुठली ते मला तिथून दिसत होतं.

"हे ठेवायचंय?"

"खरं आहे."

"खरं आहे ते मला कालच कळलं होतं. तू बटण लावलंस तेव्हा. ते बटण लागलेलंच होतं, मम्मी."

तिने पेन उचललं आणि पान मागे उलटलं.

"दोन पळ्या नाही घालत तू. तीन घालतेस. मी लहानपणापासून बघतेय."

"या वेळीही तीन घातल्या का?"

"मी इथे नव्हते. तू होतीस."

मी आठवून बघितलं. हात आठवतो, पळी आठवते, किती वेळा ते आठवत नाही. तिने 'दोन' खोडून 'तीन बहुतेक' असं लिहिलं. मी म्हणाले, याने तुझंच वाईट होईल.

"मग दोन लिहू?"

मी ओटा पुसायला घेतला. तिने 'तीन बहुतेक' तसंच ठेवलं आणि खाली सही केली. खाडाखोड तिची आहे, माझ्या संमतीने.

शॉना नेपियर

सहीच्या खाली

हे सहीनंतर लिहिलेलं आहे, चालत नसेल तर फाडून टाका.

आत्ता ब्रायली आली. तिची बॅग काल सकाळपासून दारात भरून ठेवलेली आहे, सगळे कपडे त्यातच आहेत. ती म्हणाली, कपडे परत कपाटात लावू का बॅगेतच राहू देऊ?

मी शॉनाकडे बघितलं. शॉना माझ्याकडे बघत होती.

"आजच्यापुरते काढ," शॉना म्हणाली.

ब्रायलीने एक फ्रॉक काढला, झोपायचा गाऊन काढला आणि हातात धरून उभी राहिली. "आणि उद्याचे?"

"उद्याचेही काढ," मी म्हणाले.

"आणि परवाचे?"

तपासणीचा निकाल गुरुवारी येईल असं तुम्ही म्हणालात. ती अजून बॅगेपाशी उभी आहे. किती दिवसांचे काढायचे ते आम्हा दोघींनाही तिला सांगता येत नाहीये. तुम्हाला सांगता आलं तर सोमवारी शॉनाजवळ सांगा.