गुडघ्याला, पोरी

बायको गेल्याचं कळलं तेव्हा लेकीच्या सॉफ्टबॉलच्या सामन्याचा तिसरा डाव चालू होता.

बायकोला दवाखान्यात ठेवून अकरा दिवस झाले होते. डॉक्टर म्हणत होते, उतार पडतोय. त्या सकाळी तीच म्हणाली, "दोघंही जा मैदानावर. माझ्या तोंडाकडे बघत बसून काय मिळणार आहे? आणि हरलात तर आंबट चेहरे घेऊन इकडे येऊ नका." म्हणून बाप जाळीमागच्या बाकावर, बायकोच्या रोजच्या जागी बसला होता. फोन वाजला. तो उठून पाण्याच्या टाकीमागे गेला. मेहुणी होती. "दाजी," एवढंच म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना. मग बोलली.

बाप टाकीला पाठ टेकून उभा राहिला. समोर लेक चेंडू टाकत होती. चौदा वर्षांची पोर, संघाची पिचर. हा डाव संपू दे, मग सांगू, असं त्याने ठरवलं आणि परत येऊन बाकावर बसला.

समोरच्या संघातून एक उंच पोरगी बॅट घेऊन आली. तिचा आवाज असा की लेकीच्या संघाने तिचं नावच 'भोंगा' ठेवलं होतं. सॉफ्टबॉलमध्ये हातापायांइतकं तोंडही चालतं. भोंगा ओरडली, "काय गं, आज आई नाही ओरडायला? लाज वाटली वाटतं तुझी!"

लेक हसली. असलं बोलणं दोन्हीकडून चालायचंच. तिची आई तर त्यात उस्ताद होती. बॅट हवेत फिरली की बाकावरून म्हणायची, "वारा छान येतोय गं, आता चेंडूलाही लाव!" लेकीने तीन चेंडूंत भोंग्याला बाद केलं आणि बाकाकडे बघून अंगठा वर केला.

बापानेही अंगठा वर केला.

तिसरा डाव संपला, त्याचे पाय उचलले नाहीत. चौथा संपला. पाचवा, सहावा, सातवा. सामना जिंकून लेक धावत आली तेव्हा त्याने सांगितलं. ती बराच वेळ ग्लोव्हमधला चेंडू बघत राहिली. मग म्हणाली, "कधी?"

"आत्ताच फोन आला," बाप म्हणाला.

बाप कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माप पाठवत, तो प्लास्टरचे साचे ओतून, मेणात एकेक दात लावून पंगत बसवायचा. बायको म्हणायची, "आमचं बरं आहे. लेक दात पाडेल, बाप बसवून देईल." थट्टाच ती. तरुणपणी ती स्वतः पिचर होती, आणि तिचा एक नियम होता. तोंडाने काय हवं ते बोल, पण चेंडू कुणाच्या अंगावर जायचा नाही. घराच्या मागच्या भिंतीवर तिने चुन्याची चौकट आखली होती, गुडघ्यापासून छातीपर्यंत. लेक चिडून वर चेंडू टाकायला लागली की ती ओरडायची, "गुडघ्याला, पोरी! गुडघ्याला!"

दिवसकार्य आटोपलं. पाहुणे गेले. घरात दोघंच उरली. एका दुपारी बाप कामावरून लवकर आला तर टेबलावर दवाखान्याचा कागद उघडा पडलेला. त्यावर बायको गेल्याची वेळ लिहिली होती, चार वाजून पाच मिनिटं.

"बाबा, चार वाजून पाच म्हणजे तिसरा डाव," लेक म्हणाली. "माझी आई जात होती आणि ती भोंगा हसत होती. आईला लाज वाटली म्हणे माझी."

पोरगी मिनिटं मोजत होती. अजून दहा मिनिटं पुढे मोजली असती, तर थेट त्याच्या फोनवर आली असती. तो म्हणाला, "तिला बिचारीला काय माहीत." लेकीने कागद घडी करून आत नेला.

त्यानंतर आठवड्याने तो कपडे वाळत घालायला मागे गेला आणि जागच्या जागी थबकला. चुन्याच्या चौकटीच्या वीतभर वर कोळशाने एक गोल काढला होता. चौकटीवर धूळ बसली होती. गोलातला गिलावा मात्र चेंडू लागून लागून उडाला होता. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. गोल बरोबर त्याच्या दातांवर आला. भोंगा त्याच्याच उंचीची होती.

"हा गोल कशाला?" त्याने संध्याकाळी विचारलं.

"वरच्या चेंडूचा सराव."

"वरचा चेंडू कशाला लागतो तुला?"

"बाबा, तुम्ही दात करा. चेंडूचं मी बघते."

खिडकीतून तो बघत राहिला. चौकटीत टाकताना ती चेंडू घ्यायची आणि टाकायची. गोलात टाकताना आधी दोनदा मांडीवर घासायची. घासला, घासला, धाड! दर धाडीला बापाचा जबडा आवळायचा. चेंडू लागल्यावर तोंडाचं काय होतं ते त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. असे दोन साचे त्याने ओतले होते. त्यातला एक तेरा वर्षांच्या मुलाचा होता.

भोंग्याच्या संघाशी पुन्हा सामना रविवारी होता. बुधवारी त्याने एका आजोबांच्या वरच्या पंगतीत खालचे दात बसवले. डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "अहो, आजोबांनी चावायचं कसं, डोक्यावर उभं राहून?" तो हसला नाही. शुक्रवारी त्याने लेकीच्या कोच मॅडमना फोन लावला आणि त्या "हॅलो" म्हणताच ठेवून दिला. मॅडमनी तिला संघातून काढलं असतं. आईची तेवढी एकच गोष्ट पोरीपाशी उरली होती. आणि खरं कारण वेगळंच होतं. मॅडमनी विचारलं असतं, त्या दिवशी नेमकं काय झालं?

रविवारी तो बायकोच्या जागी बसला.

पहिल्याच डावात भोंगा आली. तोंड मिटून आली. खाली बघत बुटाने माती सारखी करत राहिली.

"काय गं भोंग्या," लेक ओरडली, "आज पिपाणी घरी राहिली?"

लेकीने चेंडू दोनदा मांडीवर घासला.

बाप उठेपर्यंत चेंडू सुटला होता. भोंगा मागे कोसळली, हेल्मेट घरंगळत गेलं. चेंडू तिच्या तोंडासमोरून जाऊन जाळीवर आदळला. अंपायरने मुखवटा काढला. "हात सुटला का?"

"सुटला," लेक म्हणाली.

"पुन्हा सुटला तर तू बाहेर."

भोंगा उठली. तिने हेल्मेट उचलून घातलं. जाळीतून बापाला तिचे दात दिसले. पुढचे दोन एकमेकांवर किंचित चढलेले, अजून जागेवर बसायचे होते. ती पुन्हा येऊन उभी राहिली. पळून गेली नाही.

लेकीने चेंडू मांडीला लावला. एकदा घासला. दुसऱ्यांदा घासला.

बापाने दोन्ही हातांनी जाळी धरली. आयुष्यात तो मैदानावर कधी ओरडला नव्हता. ते खातं बायकोचं. त्याने तोंड उघडलं आणि आवाज फाटकाच निघाला.

"गुडघ्याला, पोरी! गुडघ्याला!"

सगळे वळून बघायला लागले. लेकीने बघितलं नाही. ती चेंडू धरून तशीच उभी राहिली. इतका वेळ, की अंपायर म्हणाला, "टाकतेस ना?" तिने हात मागे नेला.

चेंडू गुडघ्याला आला. भोंग्याने तो असा हाणला की कुंपणापर्यंत गेला. लेकीचा संघ शेवटी एका धावेने हरला, ती धाव भोंग्याचीच होती.

सामन्यानंतर दोन्ही संघ रांगेने समोरासमोर चालत एकमेकींच्या हाताला हात लावतात. भोंगा लेकीसमोर थांबली आणि मागची रांग खोळंबली. बाप चेंडूंची पिशवी घेऊन दोन पावलांवर होता.

"त्या दिवशी मी बोलले ते," भोंगा म्हणाली. तिचा भोंगा पार बसला होता. "मला माहीत नव्हतं गं."

लेकीने ग्लोव्ह काढून काखेत धरला. मग म्हणाली, "माझा हात सुटला नव्हता. मुद्दाम टाकला होता."

"कळलं ते मला."

"हाणलास मात्र भारी. आज नुसता वारा नाही घातलास."

भोंगा हसली आणि हसता हसता रडली. लेकीने तिच्या हाताला हात लावला.

घरी आल्यावर लेकीने ओलं फडकं घेतलं आणि कोळशाचा गोल पुसायला लागली. बाप बादली धरून उभा होता. गोल गेला, पण गिलाव्यातला खड्डा राहिला.

"तुम्ही आईसारखे ओरडलात," ती म्हणाली.

"आवाज फाटला."

"फाटलाच. बेडकासारखा." ती भिंत घासत राहिली. "बाबा, तिला तेव्हा माहीत नव्हतं. मला नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. मग राग धरायचा कुणावर?"

बापाने फडकं तिच्या हातातून घेतलं, बादलीत बुडवून पिळलं आणि परत दिलं.

याला आता चार महिने झाले. लेक चौकटीतच चेंडू टाकते. भिंतीतला खड्डा त्याने भरून घेतला आहे. फोन तिसऱ्या डावातच आला होता, हे त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.