मानाचा रकाना

उत्तमराव ईमेल लिहायचे ते लग्नपत्रिका छापायला दिल्यासारखा. आधी मान कोणाचा ते ठरणार, मग नावांचा क्रम, मग नमस्कार. मजकूर सगळ्यात शेवटी, आणि घाई असली तर तो राहूनही जायचा.

देऊळगाव राजातल्या भाजीपाला बीजोत्पादक गटाचे ते अध्यक्ष. आसपासच्या गावांतले शहाण्णव शेतकरी या गटात होते. सगळे शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बियाणं पिकवायचे. गटाचं ऑफिस एका खताच्या दुकानाच्या माडीवर होतं, आणि त्या ऑफिसात समता. साखरखेर्ड्याची पोरगी, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. तिचं खरं काम बियाण्याची उगवण तपासण्याचं. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, झाकायचे आणि किती उगवले ते पाहायचं. कॉम्प्युटर तिच्या गळ्यात पडला तो दुसरं कोणी त्याला हात लावायला तयार नव्हतं म्हणून.

गेल्या हंगामात बियाणं गच्च्यांवर वाळत पडलेलं असताना अवकाळी पाऊस झाला. समताच्या कागदांवर निम्मे दाणे तसेच पडून राहिले. बियाणं वाळवायचं यंत्र एका योजनेतून गटाला मंजूर झालं होतं, पण त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागत होता. सभेला एक तृतीयांश, म्हणजे बत्तीस सदस्य हजर हवेत. दोन सभा माणसांअभावी बारगळल्या होत्या. या महिन्यात ठराव गेला नाही, तर यंत्र जानेफळच्या गटाला जाणार होतं.

नोटीस ईमेलनेच काढायची असं गटाच्या नियमांत होतं. व्हॉट्सॲपवरची धरत नसत. आणि सगळा घोळ तिथेच होता.

पहिल्या सभेच्या वेळी उत्तमरावांनी शहाण्णव पत्ते एका खाली एक, मानाप्रमाणे भरले. हिंमतरावांचं शेडनेट गावात सगळ्यांच्या आधीचं, पण त्यांचा पत्ता इंद्रभानच्या खाली आला. हिंमतरावांनी 'सर्वांना उत्तर' हे बटण दाबून विचारलं, इंद्रभान वर काऊन? इंद्रभानने सर्वांना उत्तर दिलं, मी गटात आधी आलो. मग दोघांच्या भावकीने सर्वांना उत्तरं दिली. मग काही समजूतदार लोकांनी, सर्वांना उत्तर देऊ नये, असं सर्वांना कळवलं. दिवसभर शहाण्णव खिसे वाजत राहिले आणि सभेची तारीख त्या ढिगाखाली गाडली गेली. सभेला नऊ माणसं आली. त्यातली दोन भांडायला.

दुसऱ्या वेळी कोणाचाच रोष नको म्हणून उत्तमरावांनी नावं बाराखडीने लावली. सगळ्यात वर आला अविनाश, वय सव्वीस. म्हातारी मंडळी पेटली. अविनाश बिचारा लाजेने सभेकडे फिरकलाच नाही.

"काका, या वेळी पत्ते झाकून पाठवू," समता म्हणाली. "बीसीसी म्हणून एक रकाना असतो. त्यात टाकलेले पत्ते कोणालाच दिसत नाहीत. वर कोण आणि खाली कोण, हा प्रश्नच नाही. कोणी सर्वांना उत्तर दिलं, तरी ते फक्त आपल्याकडे येतं."

उत्तमरावांनी चष्मा काढला. "म्हंजे पंगतीत मधी पडदे लावून वाढाचं? आन् वर काय लिहिशीन?"

"सर्व सन्माननीय सदस्य."

"मंग कोनीच नाई येनार."

"का?"

"सर्व म्हटलं का मानूस समजते, आपल्याले सोडून सर्व. हिंमतरावाले आवतन द्याचं तं त्याच्या ओट्यावर चढून, त्याचं नाव घेऊन द्या लागते. रस्त्यावरून हाक मारली तं ते आवतन पोचलं नाई."

शास्त्र शिकलेल्या माणसाला निरीक्षण नाकारता येत नाही, आणि हे निरीक्षण तर उत्तमरावांनी चाळीस वर्षं तपासलेलं होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग शहाण्णव ओटे चढू. बसल्या जागी."

तिने एक्सेलचा तक्ता उघडला. एका ओळीत एक माणूस. नाव एका रकान्यात, गाव दुसऱ्यात, पत्ता तिसऱ्यात. मग वर्डमध्ये पत्र लिहायला घेतलं. पत्र एकच, पण नावाच्या जागी नाव न लिहिता तक्त्यातला नावाचा रकाना जोडायचा. शेवटी बटण दाबलं की शहाण्णव वेगळी पत्रं निघतात, प्रत्येकाला त्याच्या नावाने. याला मेल मर्ज म्हणतात.

"म्हंजे ज्याचं पत्र त्याले एकट्याले?" उत्तमरावांनी पुन्हा विचारून घेतलं. "वर खाली कोनी नाई?"

"कोणी नाही."

उत्तमरावांनी खुर्ची जवळ ओढली. "मंग मानाचा एक रकाना टाक."

दोन दुपारी ते त्या रकान्यात रमले. कोणाला आदरणीय, कोणाला श्रीमान, कोणाला नुसतंच चिरंजीव, हे ठरवताना गटाचा सगळा इतिहास बाहेर आला.

"रुख्मिणीबाईले मातोश्री लिहू का?"

"त्या तुमच्यापेक्षा लहान आहेत, काका."

"मंग भगिनी."

ईमेलच्या विषयात त्यांना 'सप्रेम नमस्कार' हवा होता. समताने तिथे 'रविवारी सकाळी अकरा वाजता सभा: वाळवणी यंत्र' असं लिहिलं. पत्र न उघडताही कामाचं कळलं पाहिजे, हे त्यांना पटवायला एक चहा गेला. पत्राचं शेवटचं वाक्य मात्र उत्तमरावांनी स्वतः सांगितलं: आपण आल्याशिवाय सभा सुरू होणार नाही.

समताची बोटं थांबली. "हे शहाण्णव जणांबद्दल एकाच वेळी कसं खरं असेल?"

"पत्रिकेत लिहितेत ना, आपली उपस्थिती प्रार्थनीय. कोन प्रार्थना करते? लिही."

तिने लिहिलं, पण तिला ते टोचत राहिलं.

पाठवण्याआधी दोन-तीन पत्रं स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून पाहायची तिला सवय होती. पहिलं उघडलं. 'श्रीमान रुख्मिणीबाई यांस.' दुसरं उघडलं. 'भगिनी हिंमतराव यांस.'

"काका, तक्त्याला हात लावला?"

"सगळे आदरनीय एकाजागी बसवले फक्त."

त्यांनी एकटा मानाचा रकाना निवडून तो क्रमाने लावला होता. मान हलले, माणसं जागच्या जागी राहिली.

"त्याने विचारलं असेल ना, बाकीचे रकाने सोबत घ्यायचे का म्हणून?"

"काहीतरी इचारे. म्या नाई म्हटलं. दुसऱ्याच्या लफड्यात काऊन पडाचं?"

समताने कंट्रोल आणि झेड दाबत दाबत मान पुन्हा आपापल्या धन्याकडे नेले. उत्तमराव डोळे विस्फारून बघत होते.

"केलेलं वापस घेता येते?"

"येतं. मेलसुद्धा पाठवल्यावर काही सेकंद परत घेता येतो, तशी सोय करून ठेवली तर."

"जिभीले पाह्यजे होतं असं बटन," उत्तमराव म्हणाले. "भगिनी हिंमतराव गेलं असतं, तं मले गाव सोडा लागलं असतं."

त्यांच्या कॉम्प्युटरवर 'नोटीस नवी', 'नोटीस एकदम नवी' आणि 'नोटीस हीच खरी' अशा तीन फायली होत्या. समताने तारखेच्या नावाची एक फाईल केली आणि बाकीच्या जुन्या फोल्डरमध्ये ढकलल्या. सकाळी सगळे शेडनेटमध्ये परागणाच्या घाईत असतात, फोन हातात येतो तो जेवताना. म्हणून पत्रं तिने दुपारी एक वाजता सोडली.

या वेळी सगळ्यांचे खिसे वाजले नाहीत. उत्तरं एकेक करून, गुपचूप आली. हिंमतरावांनी लिहिलं, येतो, इंद्रभानले सांगू नका. इंद्रभानने लिहिलं, येतो, हिंमतरावले बोलावलं काय?

रविवारी समाजमंदिरात पहिली रांग आधी भरली, कारण जो येई तो थेट तिकडेच जाई. कपडे इस्त्रीचे. दोघातिघांच्या खिशात भाषणाच्या कागदांच्या घड्या दिसत होत्या. समता दाराशी उभी राहून मोजत होती. टोमॅटोची तोडणी चालू होती, त्यामुळे बरेच जण अडकले होते. अकरा वाजून गेले तेव्हा एकतीस झाले. मग रुख्मिणीबाई आल्या. बत्तीस. त्यानंतर रस्ता रिकामा.

तिने उत्तमरावांना खूण केली. ते माइककडे निघाले, तेवढ्यात पहिल्या रांगेत इंद्रभानने फोन काढून शेजारच्या हिंमतरावांपुढे धरला.

"पाहा, काय लिहेल हाय. आदरनीय इंद्रभानजी, आपन आल्याशिवाय..."

"...सभा सुरू होनार नाई," हिंमतरावांनी फोनकडे न बघता वाक्य पुरं केलं.

मग बाकीचे फोन निघाले. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत तेच वाक्य फिरत गेलं. हिंमतराव उठले.

"चाला. आपल्याले येडं बनवलं या पोरीनं."

ते दारापर्यंत आले, त्यांनी एक चप्पल पायात घातली. मागे आणखी चार-पाच खुर्च्या सरकल्या. उत्तमराव माइकपाशी नुसतेच उभे होते. समता दारात आडवी आली नाही, पण तिथून हललीही नाही.

"काका, ते वाक्य मलाही लिहायचं नव्हतं. मला ते खोटं वाटत होतं."

"मंग लिहिलं काऊन?"

"आता मोजून बघा. सभेला बत्तीस माणसं लागतात, इथे बत्तीसच आहेत. तुम्ही दुसरी चप्पल घातली की एकतीस. सभा बंद, आणि यंत्र जानेफळला."

हिंमतराव एका चपलेवर उभे राहिले. "म्हंजे माह्यावर अडलं हाय."

"तुमच्यावरच."

"आन् हा इंद्रभान गेला तं?"

"तरी बंद."

हे त्यांना तितकंसं आवडलं नाही. "याच्यावर बी अडलं?"

"इथल्या प्रत्येकावर. आज ते वाक्य बत्तीस जणांबद्दल खरं आहे. सकाळी एवढी खात्री नव्हती मला."

"बसा आता भाऊ," रुख्मिणीबाई मागून म्हणाल्या. "दारातली हवा अडून राह्यली."

कोणीतरी हसलं. हिंमतरावांनी चप्पल काढली आणि ते परत इंद्रभानशेजारी जाऊन बसले. सरकलेल्या खुर्च्याही जागेवर आल्या. एवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. अविनाशने खिडकीतून वाकून पाहिलं.

"नारायनराव आले."

हिशोब सगळ्यांना एकदम कळला. नारायणराव आत आले की तेहतीस, आणि तेहतीस झाले की कोणीही एक जण उठून गेला तरी काही बिघडत नव्हतं.

"उत्तमराव," हिंमतराव म्हणाले, "ठराव वाचा लवकर."

"वाचत काय बसता," इंद्रभान म्हणाला. "सगळ्याईले माहीत हाय. हातच वर करा."

गटाच्या स्थापनेपासून या दोघांचं एकमत झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. बत्तीस हात वर गेले. समताने ते सवयीने दोनदा मोजले आणि इतिवृत्तात आकडा लिहिला. यंत्र देऊळगाव राजाला येणार होतं.

नारायणराव दारात आले. कडक इस्त्री, कपाळाला गंध, आणि पत्र उघडून समोर धरलेला फोन.

"सुरू तं नाई ना केली? मी आल्याशिवाय होनार नाई असं लिहेल हाय."

बत्तीस जणांनी समताकडे पाहिलं. तिने इतिवृत्तातल्या आकड्यावर हात ठेवला.

"सुरू कसची करतो?" हिंमतराव उठून आपली खुर्ची पुढे सारत म्हणाले. "तुमचीच वाट पाहून राह्यलो. बसा. उत्तमराव, वाचा ठराव."

उत्तमरावांनी घसा साफ केला आणि ठराव पहिल्या शब्दापासून वाचला, मघाशी वाचायचा राहिलेला भागसुद्धा. समताने बत्तीसचा आकडा खोडून पेन तयार ठेवलं. सगळ्यात आधी हात गेला नारायणरावांचा. मग, जरा दमाने, बाकीचे बत्तीस.