नवदांपत्य, चाळीस टक्के

काटेसाहेबांना या सहलीतून मिळण्यासारखं होतं ते मोजून पंधराशे. म्हणजे पंधराशेचा तराजू. पितळी, हातभर दांडीचा, दोन्ही पारडी मूळची, भर शहरातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात काचेमागे टांगलेला. आठ महिने ते त्याच्याकडे बघत होते. दुकानदार अठराशेवरून पंधराशेवर आला होता, तो त्यांच्या चिकाटीमुळे की त्यांच्या कंटाळ्यामुळे, हे त्यालाच ठाऊक. "रविवारी बारापर्यंत ठेवतो," तो म्हणाला होता. "पुढे माझा इलाज नाही. दुसरं गिऱ्हाईक आहे."

दुसरं गिऱ्हाईक प्रत्येक दुकानदाराकडे असतं, हे काटेसाहेबांना कोणी शिकवायला नको. बाजारातले वजनकाटे आणि मापं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर खटला भरायचा, ही त्यांची एकोणतीस वर्षांची नोकरी. नावही बाजारानेच दिलेलं. पण हे गिऱ्हाईक खरं होतं. एक टकला गृहस्थ काचेला नाक लावून उभा असलेला त्यांनी स्वतः पाहिला होता, आणि ती नजर त्यांच्या चांगलीच ओळखीची होती.

काटेसाहेबांचा पगार थेट घरखर्चात जायचा, तेव्हा तराजूसाठी पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न होता. तो बायकोने सोडवला, तोही न विचारता. ती घरच्या मागच्या खोलीत लोकांचे कपडे अल्टर करून द्यायची; बाह्या आखूड, कंबर सैल, असलं सगळं. एका संध्याकाळी तिने सहा हजारांचं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं.

"शुक्रवार ते रविवार, दोन रात्री. भर शहरात. बाथरूम खोलीतच हवं. सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला. आणि खिडकी रस्त्यावर."

"खिडकी कशाला?"

"माझं मशीन भिंतीकडे तोंड करून आहे. पंधरा वर्षं ती भिंत बघतेय. तिचा पोपडा कुठल्या महिन्यात कुठे सुटला, ते तारखेनिशी सांगेन. दोन दिवस मला माणसं बघायचीत, नुसती बसून."

"आणि उरले तर?"

"उरतील ते तुमचे. मी विचारणार नाही."

झालं. त्या दिवसापासून काटेसाहेब हॉटेल शोधायला लागले, म्हणजे खरं तर तराजू शोधायला लागले. अकरा ठिकाणी फोन केले. एकाकडे खिडकी होती, पण ती जिन्यात उघडायची. एकाकडे बाथरूम खोलीतच होतं, इतकं की आंघोळ करताना कपाट भिजेल. एकाने नाश्त्याचं विचारल्यावर "कसला?" असं विचारलं. बारावं हॉटेल चांगलं होतं, पण रात्रीचे तीन हजार. ते सोडून द्यायच्या बेतात असताना काटेसाहेबांना त्याची जाहिरात दिसली: वर मोठ्या अक्षरात चाळीस टक्के सवलत, खाली हार घातलेलं एक हसरं जोडपं. त्यांनी दोन्हींची सांगड घातली आणि फोन लावला.

"नवदांपत्याला चाळीस टक्के ना?"

"हो," पलीकडून एक बाई म्हणाल्या.

चाळीस टक्के गेल्यावर दोन रात्रींचे छत्तीसशे. जेवणं, बस, सगळं धरून तराजू बसत होता. काठोकाठ, पण बसत होता.

"एक बारीकशी गोष्ट आहे," शुक्रवारी बसमध्ये ते बायकोला म्हणाले. "तिथे कोणी विचारलं, तर आपलं लग्न नुकतंच झालंय."

"कोणाशी?"

काटेसाहेबांनी मग सगळं सांगितलं, तराजू सोडून. बायकोने ऐकून घेतलं. मग स्टॉपवर उतरल्यावर ती बॅग खाली ठेवून उभी राहिली.

"चल ना, दहा मिनिटांचं तर अंतर."

"नवी नवरी बॅगा घेऊन पायी जाते का? लोक काय म्हणतील तुम्हाला?"

टॅक्सीचे दीडशे झाले.

हॉटेलच्या काउंटरवर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेल्या एक बाई होत्या, फोनवरच्याच. त्यांनी ओळखपत्र मागितलं. काटेसाहेब खिसे चाचपायला लागले.

"अहो, डाव्या खिशात. उजव्यात रुमाल आहे," बायको म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं आणि पेन उचललं. "लग्नाची तारीख?"

"गेल्या महिन्याची बारा," काटेसाहेब म्हणाले. अडखळले नाहीत, आठवायला थांबले नाहीत. मनातल्या मनात त्यांनी हेही तपासून घेतलं की तारीख खरी आहे, महिना खरा आहे, आणि साल कोणी विचारलेलं नाही. बाईंनी बारा लिहिले, अभिनंदन केलं आणि काउंटरवरच्या फुलदाणीतली फुलं काढून बायकोच्या हातात दिली.

बायको लिफ्टमध्ये काही बोलली नाही. काटेसाहेबांना वाटलं, फुलांमुळे.

खोली चांगली होती. पडद्याची खालची शिवण एका बाजूला अर्धा इंच उतरली होती, ते बायकोला दारातूनच दिसलं. खिडकी तर झकास: चौथा मजला, खाली रुंद रस्ता, समोर कचेऱ्या आणि दुकानं. खुर्ची ओढून ती बसली तेव्हा कचेऱ्या सुटत होत्या. तासभर माणसंच माणसं. मग संपली.

शनिवारी सकाळी तिने पडदा सरकवला, तर समोर शटर. त्याच्या शेजारी शटर. शटरांच्या रांगेसमोरून एक माणूस कुत्रं घेऊन गेला, आणि थोड्या वेळाने तोच माणूस तेच कुत्रं घेऊन परत आला.

"बंद दुकानं बघायला सहा हजार दिले का हो मी?" ती म्हणाली. "घरची भिंत फुकट होती."

दुपारी ती त्यांना वरच्या मजल्यावर कॉफी प्यायला घेऊन गेली. नव्या नवरीला न्यावंच लागतं, असं तिचं म्हणणं. एकशेचाळीस. कॉफी आणणाऱ्या वेटरला तिने रस्त्याबद्दल विचारलं.

"शनिवार असाच, मॅडम. कचेऱ्या बंद, म्हणजे सगळं बंद. उद्या बघा दुपारी दोननंतर! गाड्या बंद करतात, अख्खं शहर या रस्त्यावर फिरायला येतं. तुमच्या खिडकीतून सगळं दिसेल."

"आम्हाला अकराला खोली सोडायचीय," काटेसाहेब म्हणाले.

"अरेरे," वेटर म्हणाला आणि गेला.

बायकोने साखर ढवळली. बराच वेळ ढवळली. "म्हणजे बारा तारीख पाठ आहे तुम्हाला."

काटेसाहेबांनी कप खाली ठेवला.

"गेल्या महिन्यात बारा तारीख आली आणि गेली. मी म्हटलं, विसरले असतील, कामाचा माणूस आहे. चाळीस टक्के म्हटल्यावर कशी पटकन आठवली!"

"तेव्हाही लक्षात होती," ते म्हणाले. "सकाळपासून होती. पण तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, तूच विसरलीस. म्हटलं, कशाला लाजवायचं."

"मी विसरले? अहो, मी मुद्दाम निळा ड्रेस घातला होता त्या दिवशी! तुम्हाला आवडतो तो!"

"मला वाटलं, बाकीचे धुवायला पडलेत."

बायकोने आधी कपाळाला हात लावला, मग हसली, आणि हसता हसता थांबून म्हणाली, "तुमच्या आई सांगायच्याच. म्हणायच्या, याला लोखंडाचं वजन कळतं, बाकी कशाचं नाही."

रविवारी सकाळी काटेसाहेबांनी पाकीट मोजलं. खोली, टॅक्सी, जेवणं, कॉफी सगळं जाऊन पंधराशे ऐंशी. पंधराशेचा तराजू, ऐंशीची परतीची दोन तिकिटं. इतका नेमका हिशेब त्यांच्या नोकरीतही कधी लागला नव्हता. पावणेअकरा वाजले होते. दुकान शेजारच्याच गल्लीत.

बायको आवरून बसली होती. खुर्ची खिडकीपाशी, बॅग मांडीवर, समोर शटर. बस यायच्या आधी स्टॉपवर बसतात तशी.

"जाऊन या तुम्ही," ती म्हणाली. "काय काम असेल ते. मी बसते तोवर."

काटेसाहेब खाली आले. दाराकडे चार पावलं गेले. मग वळून काउंटरपाशी आले.

"खोली संध्याकाळी सहापर्यंत हवी असेल तर?"

"देता येईल की," बाई म्हणाल्या आणि तोंड उघडून आणखी काही सांगणार, तेवढ्यात काटेसाहेबांनी हात वर केला. त्यांच्या नोकरीत पहिल्यांदा माप कमी भरलं तर समज देऊन सोडायचे. दुसऱ्यांदा मात्र खटला. त्याच खोट्या मापाने दुसऱ्यांदा माल घ्यायला त्यांचं मन घेईना.

"आधी एक सांगतो. आमचं लग्न नुकतंच झालेलं नाही. तारीख खरी आहे. साल सांगितलं नव्हतं."

"किती झाली?"

"चोवीस वर्षं. आणि पाच आठवडे."

"मला शुक्रवारीच कळलं होतं," बाई म्हणाल्या. "नव्या नवरीला नवऱ्याचे खिसे माहीत नसतात हो. आणि ते 'अहो'! नवीन असताना 'अहो' विचारतं. तुमच्या मिसेसचं सांगतं."

काटेसाहेबांनी पाकीट काढलं. "मग सवलतीचा फरक किती भरायचा?"

"कसला फरक? शनिवार-रविवार हॉटेलात चिटपाखरू नसतं. चाळीस टक्के सगळ्यांनाच आहेत. एकटा माणूस आला तरी."

"पण मी फोनवर विचारलं तेव्हा..."

"तुम्ही विचारलंत नवदांपत्याला आहेत का. मी म्हटलं हो. आहेतच."

काटेसाहेबांना दोन दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं. "मग नवदांपत्याला वेगळं असं काय मिळतं?"

"फुलं. आणि शेवटच्या दिवशी खोली सहापर्यंत मोफत." बाईंनी चष्मा वर सरकवला. "तेच सांगत होते मघाशी. तुम्ही हात वर केलात. मिनिटभर थांबला असतात, तर मी काही विचारलं नसतं. आता तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगितलंत, मला तसं लिहावं लागतं."

"अर्ध्या दिवसाचे किती?"

"पंधराशे. अर्ध्या दिवसाला सवलत नाही."

भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. काटेसाहेबांनी दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं, गल्ली तिथून दिसत होती, आणि "राहू द्या" म्हणायला काही पैसे पडत नव्हते. त्यांनी पंधराशे मोजले, एकदा स्वतःसाठी आणि एकदा बाईंसमोर, आणि काउंटरवर ठेवले.

"फुलांचे?"

"ती शुक्रवारच्या मीटिंगमधली उरलेली होती. ती सोडा."

वर जाऊन त्यांनी बायकोच्या मांडीवरची बॅग उचलली आणि पलंगावर ठेवली. "सहापर्यंत आहोत," एवढंच म्हणाले.

दोन वाजता खरंच गाड्या बंद झाल्या आणि रस्ता माणसांनी भरून गेला. सायकली, फुगे, भांडणारी जोडपी, आइस्क्रीम सांडणारी पोरं. बायको काचेला कपाळ टेकवून बसली. कोणाची पँट दोन इंच लांब आहे, कोणाचा खांदा चुकलाय, कोणी पोट सुटल्यावरही जुनाच शर्ट घातलाय, सगळं तिच्या तोंडून चाललं होतं, आणि काटेसाहेब शेजारी बसून हूं हूं करत होते. मग ते एकदम पुढे वाकले. खाली गर्दीतून एक टकला गृहस्थ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून चालला होता. कागदातून पितळेची एक कड चमकली.

"तो तुमचा तराजू ना?" बायको म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"त्या दुकानाचं कार्ड, मागे तुमच्या अक्षरात 'तराजू' लिहिलेलं, आठ महिने तुमच्या डाव्या खिशात आहे. कपडे धुताना दर वेळी मीच काढून ठेवते." तिने गृहस्थ दिसेनासा होईपर्यंत वाट पाहिली. "खोलीचे जादा किती घेतले?"

"विचारणार नाही म्हणाली होतीस."

"उरलेल्यांचं विचारणार नाही म्हणाले होते. गेलेल्यांचं सांगा."

त्यांनी सांगितलं. हात वर केल्याचंही सांगितलं. ती इतकी हसली की खालच्या एका पोराने वर बघितलं.

"चोवीस वर्षांत खरं बोलायला तुम्हाला तेवढंच मिनिट सापडलं?" ती म्हणाली, आणि डोळे पुसून तिने त्यांच्याच पैशांनी खालच्या गाड्यावरून चाळीसची एक कॉफी मागवली. दोघांनी एकाच कपातून प्यायली. शेवटचा घोट तिने त्यांच्यासाठी ठेवला.

साडेसहाच्या बसमध्ये कंडक्टरने हात पुढे केला. काटेसाहेबांनी पाकीट उलटं केलं, चाळीस निघाले. ते बायकोकडे बघायला लागले. तिने पर्स उघडली.

"पुढच्या बारा तारखेला परत द्या," ती म्हणाली. "तारीख पाठच आहे तुम्हाला. या वेळी साल पण सांगा."

तेव्हा एकूण असं झालं: खोली, टॅक्सी, जेवणं आणि कॉफी बायकोच्या पाकिटातून गेली. रविवारची खिडकी काटेसाहेबांनी एक तराजू देऊन घेतली. फुलांचे पैसे एका मीटिंगने भरले. आणि बसचं दुसरं तिकीट बायकोने काढलं, उसनं.